पानात पाच रंग

गोदाकाठी सकाळी धुकं इतकं दाट, की फिरायला आलेले लोक तरंगत येतात असं वाटे. त्या धुक्यात एक रसवाला कारल्याचा रस विकायचा. एका घोटात माझ्या सात पिढ्यांचं अजीर्ण गेलं! पण ‘पानात पाच रंग’ असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय तो कुणाच्या हातात पेला देत नसे. जेवणाच्या पानात रोज पाच रंगांचे पदार्थ हवेत, हे घोषवाक्य त्याच्या वारलेल्या बायकोचं. ते कुठंतरी टिकावं, एवढीच त्याची इच्छा.

मी छाती फुगवून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्या घोषवाक्याची नोंद लिहिली. संपादकांनी ती काढून टाकली. स्वतंत्र संदर्भ नाही म्हणे.

“म्हणजे काय हो, साहेब?” रसवाल्यानं विचारलं.

“तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणीतरी ते सांगायला हवं.”

तो बराच वेळ एकच पेला विसळत राहिला.

पुढे एकदा सिन्नरला एक जीपवाला जेवणाचा डबा उघडून बोटांवर मोजताना दिसला. “हिरवा, लाल, पिवळा... पानात पाच रंग पायजे, अजून दोन नाय.”

“कुणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? लोक म्हणतातच की!”

दुसऱ्या सकाळी मी हे रसवाल्याला सांगितलं. पेला भरून वाहू लागला, तरी तो ओततच होता. त्या दिवशी त्यानं मला काही म्हणायला लावलं नाही. धुक्याकडं बघत हळूच म्हणाला, “म्हणजे ती सिन्नरपर्यंत गेली.”