किती बंदुका, हे विचारायचं नसतं

ऑरिन हॉगनचा सरकारवर विश्वास नव्हता, यात नवल काहीच नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्याच्या त्या कोपऱ्यात कोणाचाच नसतो. पण ऑरिनचं प्रकरण जरा पुढे गेलेलं होतं. जनगणनेचा माणूस दारात आला की तो म्हणायचा, "घरात आम्ही दोघं, मी आणि माझं मत," आणि दार लावून घ्यायचा. सरकारी पाकीट आलं तर उघडण्याआधी उजेडात धरून पाहायचा. एकटा जीव, सत्तरी उलटलेली, त्यामुळे त्याला हटकणारंही कोणी नव्हतं.

पोटापाण्याला तो बंदुका दुरुस्त करायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीला मात्र पुस्तकं होती. राज्यघटनेवरची जाडजूड, छळछावण्यांत पिचलेल्या लोकांची, राजाला नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्यांची. कोणीही न्यावं, वाचावं, आणून ठेवावं. नाव लिहून घ्यायची पद्धत नव्हती. "यादी केली की यादी मागणारा येतोच," असं तो म्हणे. दर गुरुवारी चारपाच म्हातारे तिथे जमायचे आणि वाचलेल्यावरून तावातावाने भांडायचे. त्यांत सगळ्यात भांडखोर व्हर्न टॉलिव्हर, ऑरिनचा शाळेपासूनचा मित्र. तो तर पुस्तकाशीही भांडायचा. समासात पेन्सिलीने लिहायचा, "साफ चूक," नाहीतर "या लेखकाने जन्मात गाय पाळलेली नाही."

त्या वर्षी राज्यात एका कायद्याची चर्चा चालू होती. हा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं बरंवाईट करील, अशी घरच्यांनी तक्रार केली की कोर्टाने त्याच्या बंदुका काढून घ्यायच्या, आणि परत कधी द्यायच्या तेही कोर्टानेच ठरवायचं. ऑरिनने गावच्या साप्ताहिकात त्याविरुद्ध तीन पत्रं लिहिली. आज वेड्याची बंदूक नेतील, उद्या ज्याचं मत पटत नाही तो वेडा ठरेल, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच खोटं होतं असं मलाही म्हणवत नाही.

अशात, शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला असताना, परराज्याच्या नंबरची गाडी दुकानासमोर थांबली. नव्या कोऱ्या बुटांतला एक तरुण आत आला.

"व्हर्नबाबांची रायफल तुमच्याकडे आहे ना?"

"कोण विचारतंय?" हातातलं फडकं खाली न ठेवता ऑरिन म्हणाला.

"मी डेरेक. जॉलीनचा नवरा. त्यांचा जावई. काका, त्यांच्याकडे एकूण बंदुका किती आहेत, तुम्हाला अंदाज असेल."

त्या मुलखात माणसाला त्याचं दुखणं विचारावं, बायको का सोडून गेली तेही विचारावं. बंदुका किती आणि गुरं किती, एवढं मात्र विचारायचं नसतं. ऑरिनच्या कपाळावर आठी चढली.

"तुला पाठवलं कोणी?"

"कोणी नाही. जॉलीनला त्यांची काळजी वाटते. ती रायफल थोडे दिवस देऊ नका, एवढंच सांगायला आलो."

"कोर्टाचा कागद आणलायस?"

"नाही हो."

"मग तो आणेपर्यंत दार तिकडे आहे."

डेरेक गेल्यावर ऑरिनने गाडीचा नंबर टिपून ठेवला. हेराला हेर म्हणून ओळखल्याचं समाधान त्याला बराच वेळ पुरलं. रायफल दुरुस्त झाली होती. व्हर्न उद्या सकाळी न्यायला येणार होता.

मग सहज म्हणून तो व्हर्नने सोमवारी आणून ठेवलेलं खोकं रिकामं करायला बसला. खोकं पुस्तकांचं होतं. वरची चार उन्हाळ्यात नेलेली. ऑरिनने सवयीने समास पाहिले. सगळे कोरे. एप्रिलमध्ये व्हर्नची बायको लोर्ना गेली, तेव्हापासून व्हर्नने एका ओळीशीही भांडण केलेलं नव्हतं. तळाशी एक निळं पुस्तक होतं. ते व्हर्नने अकरा वर्षांपूर्वी नेलं होतं आणि ऑरिनने मागितलं की दर वेळी सगळ्यांसमोर म्हणायचा, "हे तुला मी मेल्यावर मिळेल."

आणि आता ते न मागता परत आलं होतं. जावयानेच ते खोक्यात सरकवलं असेल का, असंही ऑरिनच्या मनात येऊन गेलं; संशयाची सवय अशी एका दुपारीत सुटत नाही. पण खोकं व्हर्नने स्वतः उचलून आत आणलं होतं. आणि आपण त्याला शाबासकी दिली होती, की गड्या, घर आवरायला घेतलंस, बरं केलंस.

तो तसाच ट्रक घेऊन व्हर्नच्या घरी गेला. व्हर्न स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पुढ्यात काहीच नव्हतं.

"रायफल आणलीस?"

"नाही. बाकीच्या न्यायला आलोय."

"डेरेकने पाठवलं तुला."

"त्याला मी हाकलला."

"मग काय सरकारने पाठवलं?"

"तू निळं पुस्तक परत केलंस, व्हर्न."

 व्हर्न उठला, त्याने कपाट उघडलं आणि दोन रायफली आणि एक शॉटगन टेबलावर आणून ठेवली. ऑरिन जागचा हलला नाही.

"आणखी किती आहेत?"

व्हर्नचा चेहरा लाल झाला. "हे तू विचारतोस? तू?"

"विचारतोय."

 व्हर्नने पिठाच्या डब्यामागे हात घालून लोर्नाचं लहानसं पिस्तूल काढलं आणि टेबलावर आपटलं.

"झालं समाधान? परत कधी देणार?"

"तू मागशील तेव्हा नाही. मला ठीक वाटेल तेव्हा."

बोलून गेल्यावर ऑरिनला कळलं, आपण काय बोललो ते. याच वाक्याविरुद्ध त्याने तीन पत्रं लिहिली होती, आणि व्हर्नने तिन्ही वाचलेली होती.

"म्हणजे तूच सरकार झालास की रे," व्हर्न म्हणाला.

"तुझ्यापुरता झालो. आणि हे सरकार आज तुझ्या कोचावर झोपणार आहे. कॉफी टाक."

व्हर्नने पाणी ठेवता ठेवता त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, अगदी शाळेतल्या जुन्या उखाळ्यापाखाळ्या काढून, आणि त्या ऐकताना ऑरिनला रडू आवरेना.