सावलीत वाळवलेला पंख

श्रीपती सुतार आंबीच्या एका शेडमध्ये एकवीस वर्षे फायबरचे काम करत आहेत. पाण्याच्या टाक्या, टेम्पोचे टप, देवळांचे कळस. साच्यात कापड अंथरायचे, वर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, लावायचे, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्याआधी ते वडिलांच्या, रखमाजींच्या हाताखाली बैलगाड्यांची जुवे घडवत. शेडमध्ये त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो. तेही तसेच मानतात.

यंदा वडगावची चैताली, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, आपल्या संघाच्या शर्यतीच्या गाडीसाठी मागचा पंख करून घ्यायला आली. विमानाचा पंख वर उचलतो, हा गाडीला रस्त्यावर दाबून धरतो, असे तिने समजावले. नियमही सांगितला: टोकाला वीस किलो टांगायचे, दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वाकला तर गाडी बाद. वेगात मागे लवणारा पंख वारा कमी अडवतो, म्हणून काही संघ तो मुद्दाम मऊ ठेवतात. तसे सिद्ध झाले तर वर्षभराची बंदी.

"मंग आपला वाकायचा न्हाई," श्रीपती म्हणाले.

तिने दिलेल्या कागदावर शेवटी लिहिले होते की पंख साठ अंशांच्या भट्टीत आठ तास ठेवावा, नाहीतर रेझिन कच्चे राहून उन्हात मऊ पडते. श्रीपतींनी ते वाचले आणि मनावर घेतले नाही. ओले लाकूड तापवले की पिळते, ते सावलीतच वाळवावे, हे रखमाजींनी त्यांना हातावर छडी मारून शिकवले होते. टाक्यांनाही कधी भट्टी लागली नव्हती. पंख आठ दिवस गोणपाटाखाली, सावलीत राहिला. शेडमध्ये वजन टांगले तेव्हा सातच मिलिमीटर वाकला. चैतालीने पेढे आणले.

स्पर्धा एप्रिलात होती. श्रीपतीही संघाबरोबर गेले. तपासणीच्या रांगेत गाडी तीन तास उन्हात उभी राहिली. काळा पंख हात लावू देईना. वजन टांगले, चौदा मिलिमीटर.

परीक्षक राजेंद्र यांनी मोजपट्टी पुन्हा लावली. पुन्हा चौदा.

"गार असताना दहाच्या आत, आणि ट्रॅकवर तापला की मऊ. डोकं चांगलं चालवलंय तुम्ही."

"मुद्दाम नाही केलं, सर. भट्टीत पक्का केलाय." चैताली श्रीपतींकडे वळली. "भाऊ, सांगा ना यांना."

श्रीपती गप्प राहिले असते तर चूक कागदाची की रेझिनची, हा वाद पुष्कळ दिवस चालला असता. बंदी मात्र आजच लागली असती.

"भट्टीत घातलाच न्हाई," ते म्हणाले. "सावलीत वाळवला. लाकडावानी."

"तुम्ही मला बोलला नाहीत."

"तू इचारलं न्हाईस. म्याबी सांगितलं न्हाई."

"किती वर्षं करताय हे काम?" राजेंद्र यांनी विचारले.

"एकवीस."

"आणि अजून लाकूडच?"

श्रीपतींनी त्यांच्या हातातला तपासणीचा कागद घेतला. 'कारण' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले: कारागिराची चूक. खाली सही केली. बंदी टळली. गाडीला पंखाविना, गुण न धरता, एक फेरी मारायची परवानगी मिळाली.

तेवढ्यात दुसऱ्या एका संघाची गाडी समोरून भरधाव गेली. नऊ मिलिमीटरवर उत्तीर्ण झालेला तिचा पंख वेग वाढताच स्पष्ट मागे कलला.

"सायेब, त्यो बगा. लवतोय का न्हाई?"

"दिसतंय मला. पण उभ्या गाडीला नऊ भरले. नियम तेवढंच विचारतो."

"मंग पळताना मोजा की."

"पळताना वजन तुम्ही टांगताय का, आबा?"

रांगेतले लोक हसले. श्रीपतींना ते हसू चुकीचे वाटले नाही, आणि याचाच त्यांना अधिक राग आला.

चैताली पंख उतरवू लागली होती. त्यांनी दुसऱ्या बाजूने पाना लावला. बोल्ट त्यांनीच आवळले होते. एकही लवकर सुटेना.