डिस्कसच्या पुढं अबाउट

आमच्या गल्लीतल्या दूध डेअरीतले क्लार्क पावती फाडता फाडता मला रोज इंग्रजीतली एक शंका विचारायचे आणि उत्तर तळहातावर लिहून घ्यायचे. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवतो.

एका सकाळी त्यांनी बढतीचा अर्ज पुढं केला. "सर, डिस्कसच्या पुढं अबाउट लागतंय की न्हाय? मी घातलं न्हाय."

मला शाळेची घाई होती. "लागतं की," मी म्हणालो. त्यांनी ते जपून, बारीक अक्षरात वर बसवलं.

दुपारी शब्दकोश बघितला. लागत नव्हतं.

संध्याकाळी सांगायला गेलो, तर अर्ज पाठवून झाला होता. रांगेतल्या लोकांना ते सांगत होते, "सरांनी तपासलाय. आता एक चूक न्हाय त्यात."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान डोलावली आणि दूध घेऊन घरी आलो.