तीनदा झालेला पुकारा

आंबलेल्या दुधाचा वास आला की लोक नाक मुरडतात. मला मात्र वडील आठवतात. जळकोटच्या दूध संस्थेत ते कॅन भरत, आणि दुष्काळानं म्हशी आटत गेल्या तरी त्यांच्या सदऱ्यातला तो वास काही आटला नाही. सायकलच्या दांडीवर बसून पाठीशी अनुभवलेली त्यांची ऊब त्या वासात आहे, आणि सांजवेळी तोच वास दारातून आत येताच चुलीपाशी थिजून जाणारी आईही त्यातच आहे. राग आला की त्यांचा हात आवरत नसे. हे मी कधी झाकलं नाही, झाकणारही नाही.

अखेर आई मला घेऊन नळदुर्गला मामाकडे आली आणि तिनं उस्मानाबादच्या कोर्टात फारकतीचा अर्ज केला. लगोलग मनाई हुकूम निघाला: वडिलांनी आईच्या आणि माझ्या समोर येऊ नये, काही म्हणणं असल्यास पुढच्या तारखेला कोर्टात मांडावं. मी कुणाजवळ राहायचं, त्यांनी मला भेटायचं की नाही, हेही त्याच तारखेला ठरायचं होतं.

ती तारीख चैत्रातली. उन्हानं आकाशाची निळाई पार धुऊन नेली होती, एसटीच्या खिडकीतून करपलेली रानं मागे सरत होती, आणि कोर्टाच्या आवारात तापलेल्या धुळीचा कोरडा, घशाला लागणारा वास भरून राहिला होता. व्हरांड्यातल्या बाकावर आईचा पदर धरून मी बसले होते, निम्मी भीत, निम्मी वाट पाहत. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली वडील दिसले. धुतलेला सदरा, डोक्याला पांढरा पटका. मी उठणार तोच आमचं प्रकरण निघालं आणि मामानं मला आत नेलं. शिपायानं दाराशी जाऊन वडिलांच्या नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा, तीनदा. ते आले नाहीत. निकाल एकतर्फी झाला. त्यांनी माझी भेट मागितलीच नाही, म्हणून ती मिळाली नाही.

त्यांना मी नकोच होते, एवढाच अर्थ माझ्या बालबुद्धीनं त्यातून काढला आणि तो उराशी धरून मी वाढले, शिकले, नोकरीला लागले. पुढे राहवेना म्हणून एकदा जळकोटला गेले. संस्थेच्या ओट्यावर, उतरत्या उन्हात वडील बसले होते, वाळून अर्धे झालेले. त्या दिवशी आत का आला नाहीत, असं मी विचारलं.

“बेलिफानं हुकूम वाचून दावला व्हता, बाई. तुमच्या म्होरं येऊ नगं म्हणून,” ते म्हणाले. “तुमी दोघी आत बसल्या व्हता. मग म्या कसं यावं?”

पुकारा त्यांनी ऐकला होता. लई जीव तुटला, म्हणाले, पर हुकूम व्हता. वकील लावला तर आईशी भांडल्यासारखं होईल म्हणून तोही लावला नव्हता. परतीच्या एसटीत मी तोंडात पदर कोंबून रडले.

घरी येऊन सारं आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचेही डोळे भरतील अशी माझी समजूत. तिचे हात फक्त थांबले.

“जलमभर म्या नगं, नगं म्हणत व्हते,” ती म्हणाली. “ते न्हाय ऐकू आलं. कोर्टानं एकदा म्हणलं तर ऐकलं व्हय?”

आणि ती पुन्हा काड्या बाजूला करू लागली.

चिंचेखाली उभ्या राहिलेल्या त्या माणसासाठी आजही मला भडभडून येतं. पण आता त्या रडण्यात चुलीपाशी थिजलेली आईही येऊन बसते. कोर्टाचा आवाज रस्ता ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचला होता. तिचा आवाज तर दोन हातांवर होता.