त्याच्या उंचीचा उजेड

नाटकाचे लाइट लावताना नटाच्या जागी कुणाला तरी उभं राहावं लागतं. नट कधीच वेळेवर येत नाहीत, हे माझं अनुभवाने बनलेलं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. म्हणून वर्षानुवर्षं माझा नवरा उभा राहायचा. नाटकातलं त्याला ओ की ठो कळायचं नाही. प्रयोग ठाण्यात असो नाहीतर डोंबिवलीत, बँक सुटली की डब्याची पिशवी खांद्याला अडकवून तो थेट रंगमंचावर यायचा, आणि मी खालून ओरडायचे, "हलू नकोस रे!"

"अगं, नाक खाजतंय. आणि चहा कधी?"

चांगला उंच होता. ताप बघायला त्याच्या कपाळाला हात लावायचा तर मला टाचा उंचवाव्या लागत. गेल्या वर्षीच्या तापात लागल्या नाहीत. तो पलंगावरच होता, आणि तिथून उठला नाही.

त्यानंतर पहिलं नाटक हाती आलं ते नेमकं असं. मेलेला भाऊ रोज संध्याकाळी घरी येतो आणि घरचे त्याचं पान वाढतात. नेपथ्यही माझंच. वागळे इस्टेटमधल्या सुताराकडून एक दार करून घेतलं, बाकी सगळा काळोख. दारात धूर सोडायचा आणि त्यात फक्त भावाचा चेहरा उजळायचा. लाइट लावायच्या दिवशी दारात उभं राहायला कुणी नव्हतं. मी लाइटवाल्याला हवेतच बोटाने जागा दाखवली.

पहिल्या प्रयोगात नट दारात आला आणि त्याचा चेहरा अंधारातच राहिला. उजेड त्याच्या डोक्यावरून, नुसत्या धुरात पडला होता. प्रेक्षकांत कुणीतरी किंचाळलं. ती उंची कुणाची, हे फक्त मला कळलं. विंगेत ओढणी तोंडात कोंबून मी रडले.

दिग्दर्शक मात्र खूश. "मॅडम, काटा आला अंगावर! असंच ठेवा."

"अहो, चुकलंय ते," मी म्हटलं. पण ऐकतो कोण!

आता थिएटर बदललं की लाइट नव्याने लावायचे. परवा कल्याणला नव्या लाइटवाल्याने विचारलं, "मॅडम, हाइट किती धरू? हिरो तर बुटका आहे आपला."

मी रिकाम्या दारात गेले आणि हात वर केला. टाचा उंचवाव्या लागल्या.