फळ्यापुढचे अनवाणी पाय

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी शिपाई होतो, तिथले जीवशास्त्राचे सर मला फळा पुसायला हाक मारण्याआधी चपला काढायचे आणि दाराच्या फटीत खुपसायचे. पुसून होईस्तोवर अनवाणी उभे. मला वाटायचं, फळ्याचा मान राखतात.

मी सातवीत शाळा सोडलेला, बायको-पोरं लांब इस्लापुरात. भूकंपानंतर स्लॅबखाली जीव घाबरायचा, पण बोललो तर काम जाईल ही धास्ती. एकदा ट्रक धडधडत गेला अन् मी डस्टर टाकून पळालो. वर्गातली पोरं खदखदून हसली.

सर मागोमाग आले. "भित्रा न्हाईस तू. मेंदूतल्या पेशी एक वायू तयार करतात, नायट्रिक ऑक्साइड. त्याला दार लागत न्हाई. पेशीच्या पडद्यातून आरपार शेजारच्या पेशीत शिरतो, काही क्षणांत विरतो. तेवढ्यात घाबरायचं हार्मोन सुटायचं का आवरायचं, यात त्याचा हात हाय."

"सोडतो का आवरतो, सर?"

"दोन्ही करतो. कधी काय, ते अजून कुणाला पुरतं उमगलं न्हाई."

माझ्या सातवी नापास डोक्यात एवढं चाललंय!

"चल, फळा राहिलाय," म्हणत सर वाकले आणि निसटलेली चप्पल त्यांनी पुन्हा दारात घट्ट बसवली. ते अनवाणी पाय फळ्यासाठी नव्हते, मला पळायला दार उघडं राहावं म्हणून होते, हे मला तेव्हा कळलं.