दूध संस्थेतली बास्केटबॉल लीग

आमच्या गावात बास्केटबॉलचं कडं नव्हतं, मैदान नव्हतं, बॉलसुद्धा नव्हता. तरी त्या दुष्काळात आजवर सगळ्यात जास्त गुण कोणाच्या गड्याचे, यावर दूध संस्थेच्या दारात रोज वाद व्हायचा. तो वाद मी लावून दिला होता, हे सांगायला मला आजही बरं वाटतं.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय कॉम्प्युटर. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बौद्धवाड्यातली पोरगी म्हणाल, तर मीच पहिली. उन्हाळा तोंडावर असताना अंबाजोगाईच्या वसतिगृहातलं पाणी संपलं आणि आम्हाला घरी पाठवलं. प्रोजेक्ट मात्र द्यायचाच होता. तो दिला नाही तर पदवी नाही. गावात संगणक एकच, दूध संस्थेचा. चारा नव्हता, जनावरं आटली होती. सकाळचं दूध चहा निवायच्या आत मोजून व्हायचं आणि मग संगणक दिवसभर झाकलेला. चेअरमन म्हणाले, "शिकतीय पोरगी, बसू द्या." खोलीची चावी त्यांच्या मुलाकडे असायची. तो शाळेत माझ्या पुढे होता, मी त्याला दादा म्हणायची.

माझा प्रोजेक्ट म्हणजे बास्केटबॉलची लुटुपुटूची लीग. संघ संगणकात, सामने संगणकात. ज्याला खेळायचंय त्याने एक गडी तयार करायचा. सगळ्यांना ताकद सारखीच. ती उंची, नेम आणि दम यांत हवी तशी वाटायची. पुढे संगणक फासे टाकल्यासारखे आकडे काढतो आणि सामना होतो. गडी कोणाचा आहे, हे संगणकाला कळत नाही. माझ्या प्रोजेक्टचा सगळा जीव त्यात होता.

"बॉल न्हाई, कडं न्हाई, आन् गुण कसले मोजतीस?" संस्थेच्या सचिवांनी विचारलं.

"पाऊस न्हाई तरी पंचांग वाचताच की तुमी."

ते हसले आणि पहिला गडी त्यांनीच तयार केला. मग टँकरची वाट बघत बसलेली माणसं एकेक करून आत डोकावू लागली. घाटनांदूर, धर्मापुरी, पाटोदा असे संघ झाले. ज्याने त्याने गड्याची उंची वाढवली. दादाने घाटनांदूरकडून जो गडी उतरवला तो म्हणजे मोबाइलचा टॉवरच. आई मला टँकर आला म्हणून बोलवायला आली होती. मी तिलाही विचारलं.

"उंची काय करायचीय? चिंचा काढायच्यात का?" ती म्हणाली. "नेम घाल आन् दम घाल. उन्हात दम लागतो."

तिचा गडी धर्मापुरीचा झाला, कारण ते तिचं माहेर.

पहिल्या हंगामात तिचा बुटका मधेच कुठेतरी होता. पण प्रत्येक सामन्यात शेवटी शेवटी उंच गडी धापा टाकायचे, त्यांचे बॉल कड्याला लागून परत यायचे आणि आईचा गडी आपला टाकतच राहायचा. संगणकातले हंगाम भराभर उरकायचे, तसे हंगामामागून हंगाम गेले. आजवरच्या गुणांची यादी मी छापून संस्थेच्या दाराला चिकटवायची. एके दिवशी त्या यादीत आईचा गडी सगळ्यात वर गेला. दादाचा दुसरा. बायका पाण्याला जाताना आईला विचारायच्या, "काय म्हणतोय गं तुझा बुटका?" आई पदराआड हसायची.

दादाला ते झोंबलं. त्याने दोस्तांना आधीच सांगून ठेवलं होतं की लीगमध्ये त्याच्या वर कोणी जाऊच शकत नाही. एका दुपारी तो खोलीत आला.

"टीव्हीवर बुटका कुठं असतो का? उंचांचा खेळ हाय हा. यादीतून काढ त्याला."

"खेळून वर गेलाय, दादा. कावून काढू?"

"बरं. मग मी सभेत ठराव आणतो. ठराव झाला तर तुला काढावंच लागंल. न्हाई काढला तर संगणक संस्थेच्या कामापुरताच, असं आमचे बाबा म्हणतील."

म्हणजे काय, ते मला कळलं. प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काढून टाक की. तो काय खराखुरा माणूस हाय का? तुझं शिक्षण खरं हाय."

मी म्हणाले, "मी त्याला हातानं काढला तर माझा प्रोजेक्ट खोटा." रात्रभर मी तळमळले. उगाच कशाला खोटं सांगू, भीती वाटत होती.

आता या सभेचं सांगायला पाहिजे. लीगसुद्धा आम्ही संस्थेसारखीच चालवायचो. आम्हाला दुसरी रीत माहीतच नव्हती. हंगाम संपला की सभा, सभेत ठराव, ठरावाला एक सूचक, एक अनुमोदक. नोटीस तर दूध संस्थेच्याच नोटिशीवरून उतरवलेली: गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. दादाने सभा नेमकी टँकरच्या वेळेला ठेवली.

टँकरचा हॉर्न वाजला आणि सगळे घागरी घेऊन पळाले. दादाचे दोस्तही पळाले. तहान त्यांनाही होतीच. अर्ध्या तासाने तहकूब सभेला आम्ही चौघंच: दादा, इतिवृत्त लिहायला सचिव, मी आणि एक आबा. हे आबा दूध संस्थेच्या स्थापनेपासून प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत आले होते. ठराव वाचून व्हायच्या आत "माझं अनुमोदन" म्हणायचे आणि डोळे मिटायचे. दादाचा सगळा भरवसा त्यांच्यावर होता.

दादाने भराभर वाचलं, "कमी उंचीच्या गड्यांचे आजवरचे गुण यादीतून वगळावेत. सूचक मी." आणि त्याने आबांकडे पाहिलं.

आबा बोलेनात. सचिवांनी पेन टेकवून ठेवलं होतं.

"आबा, अनुमोदन."

"काय हाय ठराव? परत सांग," आबा म्हणाले.

त्यांनी कधी ठराव विचारलेला मी ऐकला नव्हता. सचिवांनीही नसावा, कारण त्यांनी चष्मा काढला. दादाने परत वाचलं, या वेळी हळू.

"म्हंजे त्यानं केलेले गुण, ते केलेच न्हाईत म्हणायचं?"

"तसं न्हाई आबा, पर..."

"तसंच हाय की बे. तुझा गडी लई उंच हाय ना? मग वर कर हात आन् घे काढून. सभेला कावून मागतो?" आबांनी तंबाखूची डबी काढली. "माझं न्हाई अनुमोदन."

सचिव माझ्याकडे न बघता लिहू लागले आणि लिहिता लिहिताच म्हणाले, "अनुमोदक नसल्यामुळे ठराव बाद."

दादा उठून निघून गेला. मला वाटलं, आता कुलूप लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाय ओढतच संस्थेत गेले. दार उघडं होतं. दादा संगणकासमोर बसून नवा गडी करत होता, आणि ते त्याला काही जमत नव्हतं.

"मावशीनं तिच्या बुटक्याला दम किती ठेवला गं?"

"तिलाच विचार."

"सांगंल का?"

"टँकरच्या रांगेत हाय बघ."

तो खरंच गेला. खिडकीतून मला दिसत होतं, आईने एक घागर त्याच्या हातात दिली आणि मग बोलायला सुरुवात केली. बराच वेळ ती हातवारे करून काहीतरी समजावत होती. रांग पुढे सरकत होती, तसा तोही घागर घेऊन सरकत होता. मी खुर्ची ओढली आणि राहिलेलं शेवटचं प्रकरण टाइप करायला घेतलं.